बगळा कोणी वाकवला

२ तारीख, सोमवार

डॉक्टरांचं म्हणणं, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. वही बायकोने आणून दिली. तिच्या प्रत्येक पानावर वरती एक सुविचार छापलाय. आजचा : 'मौनासारखा मित्र नाही.' तो वाचून प्रेशर आणखी पाचने वाढलं असावं. सकाळी वरचं एकशे छप्पन्न होतं.

आता राग का आला ते.

दुपारी संग्रहालयाच्या बाई आल्या. गळ्यात चष्मा, हातात पांढरे सुती हातमोजे. आमच्या पुढच्या खोलीत जो दिवा उभा आहे, त्याच्याभोवती त्या तीनदा फिरल्या. घरात या दिव्याला आम्ही बगळा म्हणतो. जमिनीवर पाइपचं एक गोल कडं. त्याच कड्यातून तोच पाइप सरळ वर चढतो, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर गेला की कमान घेऊन पुढे वाकतो, आणि टोकाला चकचकीत वाटी, तिच्यात बल्ब. सगळा एकसलग पाइप, मध्ये सांधा नाही, पायापासून चोचीपर्यंत क्रोम. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. मी त्याच्यावर ओले पायमोजे वाळत घालतो. बाई म्हणाल्या, "मानवी देहाने आधुनिकतेपुढे झुकवलेली ही मान आहे." मी पायमोजे हळूच काढून खिशात घातले.

तर झालंय असं. संग्रहालयात जुन्या घरगुती वस्तूंचं नवं दालन उघडतंय, अठ्ठावीस तारखेला. असलाच एक बगळा त्यांना एका बंद पडलेल्या हॉटेलातून मिळाला. ते हॉटेल ज्या आर्किटेक्टने बांधलं, त्याच्या मुलाने पत्र दिलंय की दिवा माझ्या वडिलांच्या डोक्यातून निघाला. पितळी पाटीवर त्याचंच नाव कोरायचं ठरलंय. पण हॉटेलच्या म्हाताऱ्या मॅनेजरने बाईंना सांगितलं, दिवे आमच्या कारखान्यातून यायचे. "पुरावा आहे काही?" बाईंनी विचारलं. कसला पुरावा? आम्ही टॉवेल लटकवायचे दांडे आणि दवाखान्यातल्या खाटांचे कठडे बनवणारी माणसं. शेवटी त्याच म्हणाल्या, "तुम्हीच बनवला असेल तर तसाच एक पुन्हा बनवून दाखवा. एकवीसपर्यंत. बनला तर पाटीवर तुमच्याकडच्या कारागिरांची नावं."

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते खुर्चीतून ताडकन उठले आणि म्हणाले, "कारागिरांची नाही, कारागिराचं. तो मी केला."

तेवढ्यात मुलामाकाका आले. हे बाबांचे जुने भागीदार. बाबा पाइप वाकवायचे, हे त्याला क्रोमचा मुलामा द्यायचे. भागीदारी संपून वीस वर्षं झाली, भांडण चालू आहे. त्यासाठी ते रोज चारला येतात. "वाकवलेला पाइप गटारालाही असतो," काका म्हणाले. "त्याला दिवा केला तो मी."

अर्धा तास दोघे परक्या बाईसमोर भांडले. माझं डोकं उठलं ते त्यामुळे.

मागच्या दाराशी आक्का तिच्या स्टुलावर बसून मटार सोलत होती. आक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, ऐंशीची. कारखान्यातलं पॉलिशचं चाक तिनेच चालवलं, अजून दिवसाला दोन तास चालवते. तिचं स्टूलही तिच्यासारखंच, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. अर्धचंद्राच्या आकाराची जाडजूड लाकडी फळी, खाली तीन पाय. गोल कडेला पूर्ण लांबीची एक खाच आहे, बोट बसेल एवढी, आणि ठिकठिकाणी जळल्याचे काळे डाग. बाबा सांगतात, आक्काने त्यावर तापलेली इस्त्री ठेवली होती. लहानपणी मी त्या खाचेतून गोट्या फिरवायचो. आज निसटलेले मटार त्यात ओळीने बसले होते.

आक्का म्हणाली, "वाकवला याने, चमकवला त्याने. बगळा मात्र आपला आपण उडत आला."

बाईंनी विचारलं, "या कोण?" मी सांगितलं, "आमची आक्का," आणि त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेलो.

३ तारीख, मंगळवार

एका दिवसात उरकून टाकू म्हटलं. कारखान्यात पाइप वाकवायचं मशीन आहे. बटण दाबलं की वाकतो. बटण दाबलं. वाकला. पण कमानीच्या पोटात पाइप चपटा झाला आणि त्यावर सुरकुत्या पडल्या, म्हाताऱ्याच्या कोपरावर पडतात तशा.

बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी दुसरा चहा मागवला. म्हणाले, "मशीनने दांडे होतात, बगळे होत नाहीत. पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची. दोन्ही टोकांना लाकडी बूच ठोकायचं. भट्टीत लाल करायचा आणि साच्याभोवती ओढायचा. आत वाळू असली की पाइप चपटा होत नाही. आणि गार झाला की वाळू काढायची, शेवटच्या कणापर्यंत. वाळू काढल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही." हे शेवटचं वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.

"साचा कुठाय?" मी विचारलं.

"लोखंडी होता. भिंतीवर तिसऱ्या खुंटीला."

काका म्हणाले, "लोखंडी नव्हता. आणि खुंट्या दोनच होत्या."

प्रेशर एकशे साठ.

६ तारीख, शुक्रवार

तीन दिवस साचा शोधतोय. भंगाराचा ढीग उपसला, भट्टीमागची जागा झाडली, कारखान्याचं जुनं हजेरीपुस्तक सापडलं, दोन मेलेले उंदीर सापडले. साचा नाही.

आज घरातला माळा राहिला होता. शिडी कारखान्यातल्या वेल्डरने नेलेली. आक्काने उठून स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. एरवी ती त्यावर मांजरालाही बसू देत नाही. "यावर उभा राहा," म्हणाली, "आणि नीट बघ. सापडेल."

तासभर उभा राहून माळा धुंडाळला. जुन्या गाद्या आणि माझे शाळेतले बूट. खाली उतरल्यावर आक्का म्हणाली, "नाही सापडला? अरेरे." मग फळीवरचे माझ्या पायाचे ठसे तिने फडक्याने पुसले. वय झालं की माणूस हळवं होतं, एका स्टुलासाठी एवढं!

बायको का हसत होती कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "तुझं प्रेशर बघ आधी."

९ तारीख, सोमवार

साच्याशिवाय करून बघितलं. आधी तेलाच्या पिंपाभोवती वाकवला, कमान फार मोठी झाली. मग ट्रकच्या चाकाच्या रिमभोवती. तो पाइप भिंतीला टेकवून ठेवलाय. कारखान्यात येणारा प्रत्येक जण विचारतो, हा उंट कशाला केलात.

बाबा खुर्ची टाकून सूचना देत होते. "डावीकडे. उजवीकडे. माझ्यासारखं." काका शेजारी खुर्ची टाकून बाबांच्या सूचनांवर सूचना देत होते. मी म्हटलं, तुमच्यातल्या कुणीतरी तेव्हा मापं लिहून का नाही ठेवली? दोघे एकमेकांकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "खडूने काढलं होतं ना, जमिनीवर." काका म्हणाले, "हो, खडूने. चाकाशेजारी."

"कुणी काढलं होतं?"

"काढलं होतं," बाबा म्हणाले, आणि त्यांना एकदम झोप आली.

चाकाशेजारी म्हणजे आक्का बसते तिथे. तिथली फरशी जाऊन बघून आलो. बावन्न वर्षांचा खडू तो, कुठला राहायला.

येताना आक्काला म्हटलं, "आक्का, चहा टाकतेस?" ती म्हणाली, "विचारून विचारून चहाच विचारलास." पण टाकला.

१४ तारीख, शनिवार

चार दिवस लिहिलं नाही, कारण राग आला नाही, फक्त हातपाय गळाले. आठवडा उरलाय. आर्किटेक्टच्या मुलाचा फोटो पेपरात आला. बगळ्याशेजारी उभा राहून म्हणतोय, वडिलांनी हा दिवा एका बर्फाळ डोंगराच्या शिखरावर सुचून रुमालावर रेखाटला. बाबांनी पेपरचे चार तुकडे केले. माझाही जीव तुटला. मला पाटीबिटीचं आजवर काही वाटलं नव्हतं. पण बाबांना गेल्या वर्षापासून माणसांची नावं आठवत नाहीत, आणि तरी झोपेतसुद्धा त्यांचे हात पाइप ओढल्यासारखे हलतात. त्या हातांनी केलेली वस्तू दुसऱ्याच्या नावाने उभी राहणार, हे मला सहन होत नाही. लिहून टाकलं. बरं वाटलं थोडं. डॉक्टर अगदीच टाकाऊ नाही.

आज बगळ्याची मापं पुन्हा घेतली. एक गंमत लक्षात आली. खालचं कडं आणि वरची कमान, दोन्ही एकाच मापाची. आतून साडेसतरा इंच. म्हणजे साचा एकच होता. मग टेप घेऊन घरातलं सगळं गोल मोजत सुटलो. पातेल्यांची झाकणं, बादल्या, पंख्याची जाळी, बायकोची पोळपाटासारखी पर्स.

बायको म्हणाली, "गोलच का मोजतोयस? अर्धं गोल चालणार नाही?"

"अर्धं गोल घरात काय असणार?"

"आक्का कशावर बसल्यात?"

"स्टुलावर."

"बरं," असं म्हणून ती आत गेली. हिची ही जुनी खोड, वाक्य अर्धं सोडायचं आणि पुढचं आपण शोधत बसायचं.

१५ तारीख, रविवार

साचा सापडला! साचा सापडला!

अक्षराला क्षमा असावी. सकाळी वाया गेलेल्या पाइपचा एक तुकडा हातात घेऊन मी मागच्या दाराशी उभा होतो. आक्का उठून पाणी प्यायला गेली. मी तुकडा स्टुलाला टेकवला, तो घसरला आणि खट्कन त्या खाचेत जाऊन बसला. बोटाएवढी खाच कसली, इंची पाइपाची खाच. टेप लावली. साडेसतरा! आणि ते काळे डाग इस्त्रीचे नव्हतेच, लाल पाइपाचे!

मी ओरडलो तेव्हा शेजारचे दोघे धावत आले, त्यांना वाटलं माझं काही बरंवाईट झालं. बायको दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. आधीपासून माहीत असल्यासारखी.

बाबांना आणून दाखवलं, म्हटलं, "धन्य आहे तुमची! साच्याला पाय ठोकून बसायला दिलात की काय!" बाबा बराच वेळ खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. आनंदाने गहिवरले असणार.

आक्का म्हणाली, "सापडला ना? आता याचे पाय काढ, ने. मी बसेन जमिनीवर." तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला दुसरं स्टूल आणून द्यायला हवं. उद्या आणतो.

१७ तारीख, मंगळवार

वाकला. लोण्यासारखा.

वाळू बाबांच्या पद्धतीने भरली. भट्टी पेटवली, वेल्डरने एक टोक धरलं, मी दुसरं. आक्का चाक सोडून येऊन उभी राहिली आणि लुडबुड करायला लागली. "अजून लाल होऊ दे. अजून. गाजरासारखा नको, टोमॅटोसारखा हवा. हं, आता ओढ. हळू. थांब! श्वास घे. आता पुढे." गंमत म्हणजे प्रत्येक वेळी तिचं बरोबर निघालं. एवढी वर्षं बाजूला बसून बघितलं की असं होत असावं.

गार झाल्यावर वाळू काढली. पाइप उलटा करून काठीने ठोकत ठोकत, शेवटच्या कणापर्यंत. आक्का म्हणाली, "सगळी काढलीस?" मी अभिमानाने म्हटलं, "सगळी." ती "शाबास" म्हणाली आणि चाकाकडे परत गेली.

प्रेशर एकशे बेचाळीस. बायकोने मोजलं, पेढा दिल्यासारखा चेहरा केला.

१८ तारीख, बुधवार

आजचं सगळं लिहायला हवं, आणि लिहायची लाज वाटतेय.

मुलाम्याला पाठवण्याआधी वाटी आणि बल्ब बसवून बगळा कारखान्यात उभा केला. पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा काकांच्या चहाच्या कपावर पडला, चौथ्यांदा बाबांच्या अंगठ्यावर. मापं तीच, पाइप तोच. पुढच्या वाटीच्या भाराने तोंडावर आपटत होता, आणि घरातला जुना मात्र बावन्न वर्षं उभा, माझे पायमोजे सांभाळत.

जुना आणून शेजारी ठेवला. तो तिरका करताना आतून सळसळ आवाज आला. बाबा म्हणाले, "ऐक. याचा मुलामा आत सोलून पडलाय." काका म्हणाले, "आतून मुलामा देतच नाहीत, येड्या. तुझा पाइप गंजलाय." मग दोघांची जी जुंपली, त्यात बगळा, अंगठा आणि चहा सगळेच मागे राहिले.

मी डोकं धरून खाली बसलो. तीन दिवस उरलेले, आणि दिवा उभाच राहत नाही. समोर आक्का चाकाजवळ खोक्यावर बसलेली. (नवं स्टूल आणायचं राहून गेलं.) दुसरं सुचेना म्हणून तिलाच म्हटलं, "आक्का, हा का गं पडतो?"

तिने चाक बंद केलं. चष्मा काढला, फडक्याने पुसला, परत घातला.

"बावन्न वर्षं झाली," ती म्हणाली. "हे मला विचारणारा तू पहिला."

दोघा म्हाताऱ्यांनी भांडण अर्ध्यावर सोडून माना वळवल्या.

"वाळू," आक्का म्हणाली. "खालच्या कड्यातली वाळू काढायची नसते. पहिला केला तेव्हा तोही असाच पडला होता. तुझा बाप वैतागून जेवायला गेला. मी कड्यात वाळू पुन्हा ठासली, बूच ठोकलं, वर पोलादाची टोपी बसवली आणि सांधा असा घासला की बापाच्या बापालाही दिसू नये. हा जेवून आला, दिवा उभा. तेव्हापासून सांगत फिरतोय की माझ्या हाताचा तोल आहे."

मी जुन्या बगळ्याच्या कड्याच्या टोकावरून नख फिरवलं. नखाला लागलं. डोळ्याला अजूनही दिसत नव्हतं.

"आणि साचा?"

"फळी मी आणली. खाच मी कोरली. काम झाल्यावर हे सरपणात टाकणार होते, मी पाय ठोकून घेतले."

"आणि हा आकार?"

"आकार कसला मेला. चाक होतं अंधाऱ्या कोपऱ्यात. बल्ब डोक्यामागे, तर माझ्याच हातांची सावली कामावर पडायची. चकाकी आली की नाही कसं कळणार? मला उजेड हवा होता डोक्यावरून येऊन हातांच्या पुढे पडणारा. म्हणून जमिनीवर खडूने काढलं, याला म्हटलं असं वाकव. तो आर्किटेक्ट दारांच्या मुठी घ्यायला आला होता. माझ्या डोक्यावर दिवा बघितला आणि म्हणाला, असे चाळीस द्या. मग मासिकवाले आले फोटो काढायला. यांना दोघांना उभं केलं. फोटोसाठी माझा दिवा उचलून नेला आणि मला चाक बंद करू नका म्हणाले, तेवढा वेळ अंधारात काम केलं मी."

"तू बोलली का नाहीस कधी?"

"कुणी विचारलं होतं? तुला तरी मी किती संधी दिल्या. साच्यावर उभा राहून साचा शोधलास शहाण्या."

मी ही वही मागे उलटून वाचली. सगळं लिहिलंय. खडू चाकाशेजारी, फळीवरचे डाग, 'शाबास', सगळं माझ्याच अक्षरात. मी लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही. बाबांचे हात झोपेत हलतात म्हणून माझा जीव तुटत होता, आणि आक्काचे हात जागेपणी समोर हलत होते.

बाबा काठी टेकत आले. साच्याच्या फळीवर हात ठेवला. म्हणाले, "आक्का, खाच तू कोरलीस होय? मला वाटायचं मी."

"तुझ्या हातात पटाशी दिली असती तर बोट गेलं असतं."

"मी खोटं नाही बोललो गं. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं."

"माहीत आहे," आक्का म्हणाली. "अंगठ्याला बर्फ लाव."

२१ तारीख, शनिवार

दोन दिवस श्वास घ्यायला वेळ नव्हता. कड्यात वाळू परत भरली, टोपी बसवली, आक्काने सांधा स्वतः घासला. काकांच्या जुन्या टाकीवर मुलामा दिला, काका पूर्ण वेळ टाकीपाशी उभे राहून तिला दम देत होते. आज सकाळी दोन बगळे शेजारी शेजारी उभे केले. बाईंनी पांढऱ्या हातमोज्यांनी दोन्ही तिरके केले. दोन्हीकडून सळसळ. बाई म्हणाल्या, "संग्रहालयातल्यालाही हाच आवाज येतो! आम्हाला वाटलं आतून खराब झालाय." मग आक्काकडून सगळं ऐकून घेतलं. साच्याची फळी हातात घेतली तेव्हा मानवी देहाच्या नम्रतेबद्दल त्यांनी अक्षर काढलं नाही. आर्किटेक्टच्या मुलाला आपण पत्र लिहू म्हणाल्या. रुमालाचं काय करायचं ते त्याने ठरवावं.

मग कागद पुढे आला. कारागिरांची नावं, पूर्ण, पाटीवर कोरायला.

बाबा म्हणाले, "आधी आक्काचं. दुसरं माझं."

काका म्हणाले, "दुसरं तुझं का?" आणि दुसऱ्या नंबरासाठी जुंपली. जिवात जीव आला, घर पूर्ववत झालं.

मी पेन घेतलं. 'आक्का' लिहिलं. बाईंनी विचारलं, "पूर्ण नाव?"

माझा हात तिथेच थांबला. एकोणपन्नास वर्षं तिच्या हातचं खाल्लं, ताप आला की तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. बाबा आक्का म्हणतात म्हणून सगळे आक्का. त्या दिवशी सापडलेल्या हजेरीपुस्तकातही तीस वर्षं नुसतं 'आक्का'. बाबांकडे बघितलं. ते कपाळाला हात लावून आठवत होते. काकांनी छताकडे बघितलं.

बायकोकडे वळलो. दवाखान्यात तीच आक्काला घेऊन जाते, केसपेपर तीच भरते. ती म्हणाली, "मला माहीत आहे. पण मी नाही सांगणार. ज्यांचं आहे त्यांना विचार."

विचारलं. खाली मान घालून विचारलं, "आक्का, तुझं नाव काय गं?"

आक्का आधी हसली, मग थांबली. "सासरचं आडनाव लिहू नकोस," म्हणाली. "ते अकराच महिने वापरलं." मग तिने नाव सांगितलं. हळू, एकेक शब्द, ट्रंकेतून जुनी साडी काढून उलगडावी तसं. छान नाव आहे. तिच्या आईने ठेवलेलं. बाबा ते ऐकून रडायला लागले, त्यांना आठवलं. मी कागदावर लिहिलं, आणि चूक नको म्हणून तिच्याकडून दोनदा तपासून घेतलं. ते इथे नाही लिहीत. ते पाटीवर जाईल, या सुविचारांच्या वहीत नाही.

२८ तारीख, शनिवार

दालन उघडलं. भाषणं झाली, एकूण चार, त्यातली साडेतीन अनावश्यक. दोन बगळे काचेच्या चौथऱ्यावर, हॉटेलातला आणि आमच्या घरातला, शेजारी साच्याची फळी. आम्ही दिलेल्या बगळ्याची जागा घरात रिकामी दिसते (नवा आक्काच्या चाकाजवळ उभा केलाय), आणि माझे पायमोजे आता दाराच्या मुठीला असतात. नवं स्टूल मी आणलं एकदाचं. आक्काने बसून बघितलं आणि म्हणाली, "याला खाच नाही, मटार कुठे राहतील?"

पाटी चौथऱ्याच्या कडेला लावलीय. तीन नावं. आक्काचं पहिलं. बाबा आणि काका दुसऱ्या ओळीत शेजारी शेजारी, कारण दुसरा तोडगा निघाला नाही. आता डावीकडचा मोठा की उजवीकडचा, यावर दोघे फाटकापर्यंत भांडत गेले.

आक्का मागे राहिली. पाटीसमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, डोळे भरून आले असतील, जरा एकटं राहू द्यावं. मग बघतो तर तिने कमरेचं फडकं काढलेलं आणि पाटी घासतेय. जोर लावून, गोल गोल, चाकावर घासते तशी.

रखवालदार धावत आला. "आजी, हात लावायचा नाही, वस्तू संग्रहालयाची आहे."

"वस्तू तुमची," आक्का म्हणाली, "नाव माझं आहे. आणि पॉलिश कुणी केलंय हे? कोपऱ्यात हात पोहोचलाच नाही त्याचा."

रखवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याला पाटीवरची पहिली ओळ दाखवली आणि विचारलं, "वाचता येतं ना?" त्याने ती मोठ्याने वाचली, पूर्ण नाव, आडनावासकट. आक्काने घासणं थांबवून ऐकून घेतलं. "अजून एकदा वाच," म्हणाली, आणि उरलेला कोपरा पुसायला लागली.